सडांचं मलम वेगळं, जखमेचं वेगळं

दिवाळीनंतर कोरडा वारा सुटला की गाई-म्हशींचे सड उलायला लागतात. सडाच्या कातडीला केस नसतात आणि तिला आतून तेलकट ठेवणाऱ्या ग्रंथीही नसतात, त्यामुळे ती लवकर सुकते. त्यात दुधात बोटं भिजवून धार काढायची सवय असेल, अंगठा आत मुडपून सड ओढले जात असतील किंवा कास धुवून पुसायचं राहत असेल, तर भेगा पडणारच. पोटॅशचं (पोटॅशियम परमँगनेटचं) जांभळं पाणी फार गडद करून त्याने रोज सड धुतले, तरी कातडी कोरडी पडते. ही कारणं तशीच ठेवली तर कोणतंही मलम लावा, आठवड्याभरात पहिले पाढे पंचावन्न.

गोठ्यात मलमाच्या दोन डब्या असाव्यात, एक सडांसाठी आणि एक अंगावरच्या जखमांसाठी. कडुनिंब, लसूण, कापूर या गोष्टी सडांच्या डबीत नकोतच. दूध वास पटकन धरतं आणि सड कडू लागला की वासरू तोंड फिरवतं.

सडांसाठी पाव लिटर घाण्याचं खोबरेल, ४५ ग्रॅम मधमाशांचं मेण, चहाचा एक चमचा हळद आणि सावलीत वाळवलेली मूठभर तुळशीची पानं घ्या. पानं वाळलेलीच हवीत. घरच्या मलमांची नासाडी होते ती बहुतेक पाण्यामुळे. ओली पानं, ओला चमचा, कोरफडीचा गर, यातलं काहीही आत गेलं की आठ-पंधरा दिवसांत बुरशी दिसते. कोरफड वापरायची तर ताजी कापून लावा, मलमात घालू नका. नुसतं लोणी लावण्याची जुनी रीतही याच कारणाने अडचणीची, कारण लोण्यात पाणी आणि ताक उरतं, ते आंबतं आणि माश्या ओढतं. तूप त्यापेक्षा कितीतरी बरं.

मेण विकत घेताना बघून घ्या. मेणबत्तीचं मेण म्हणजे पॅराफिन, ते नको. खऱ्या मेणाला मधाचा वास असतो आणि बोटांच्या उबेने ते मऊ होऊन वळतं. पोळ्याचं कच्चं मेण मिळालं तर गरम पाण्यात वितळवून थंड करा, वर आलेली चकती काढा, तिच्या तळाची घाण खरवडा आणि चकती दिवसभर सुकू द्या.

आता कृती. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवा आणि त्यावर तेलाचं भांडं बसवा. थेट आचेवर हळद करपते. तुळस आणि हळद तेलात घालून मंद आचेवर पाऊण तास ठेवा, मग कोरड्या मलमलीतून गाळा. फडकं पिळू नका आणि तळाचा गाळ असलेलं शेवटचं चमचाभर तेल तसंच सोडा. गाळलेलं तेल परत पाण्यावर ठेवून त्यात किसलेलं मेण घाला. मेण साधारण ६२ ते ६४ अंशांला वितळतं. ते पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा, नाहीतर मलमात कण राहतात आणि ते भेगांवर टोचतात. थंड वाटीवर दोन थेंब टाकून थिजू द्या आणि बोटाने दाबून बघा. दगड वाटला तर चमचाभर तेल, पसरट वाटलं तर चिमूटभर मेण. खोबरेल २४ अंशांच्या खाली आपोआप थिजतं, म्हणून थंडीत ३५ ग्रॅम मेणही पुरतं. विदर्भातल्या मे महिन्यात ६० ग्रॅम लागेल. कोरड्या स्टीलच्या डबीत ओता आणि पूर्ण निवल्यावरच झाकण लावा. गरम असताना झाकलं तर झाकणाला दव धरतं आणि तेच पाणी खाली टपकतं.

मलम लावायचं ते धार काढून झाल्यावर, कोरड्या सडाला, वाटाण्याएवढं. धारेनंतर सडाचं छिद्र अर्धा तास तरी पुरतं मिटलेलं नसतं, तेव्हा टोकावर थापू नका, बाजूंना चोळा आणि पुढ्यात वैरण टाकून जनावराला उभं ठेवा. आयोडीनमध्ये सड बुडवत असाल तर आधी आयोडीन, ते सुकल्यावर मलम. उलट केलं तर आयोडीन कातडीपर्यंत पोचतच नाही. पुढच्या धारेआधी कोमट पाण्याने धुवून कोरडं पुसा. यंत्राने दूध काढणाऱ्यांनी तर हे चुकवूच नये, तेलकट सडावरून लायनर, म्हणजे यंत्राचा सडावर बसणारा रबरी भाग, घसरतो.

जखमेच्या मलमाला वेगळी सामग्री लागते. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने पशुपालकांपर्यंत पोचवलेल्या पारंपरिक कृतीत खोकली या रानवनस्पतीची पानं, कडुनिंब, मेंदी आणि तुळस प्रत्येकी एक मूठ, लसणाच्या १० पाकळ्या, २० ग्रॅम हळद आणि पाव लिटर खोबरेल किंवा तिळाचं तेल असतं. सगळं वाटून तेलात उकळून, निववून लावायचं. हे ताजं करून लगेच वापरलं तर ठीक. टिकवायचं असेल तर वाटण तेलात मंद आचेवर शिजवत राहा. बुडबुडे थांबले आणि चोथा चिमटीत कुरकुरीत लागला की पाणी उडालं असं समजा. तेलातून धूर येता कामा नये. मग गाळून ४० ग्रॅम मेण घाला आणि भांडं उतरवल्यावर दोन चमचे करंजाचं तेल. हे मलम दोन महिन्यांत संपवा, सडांचं सहा महिने चालतं. खवट वास आला तर दोन्ही फेकून द्या, खवट तेलाने कातडी आणखी चिडते.

जखमेत किडे पडले असतील तर मलम नंतर. पहिल्या दिवशी खोबरेलात कापूर विरघळवून त्याचा बोळा ठेवा किंवा सीताफळाच्या पानांचा लगदा भरा. किडे वर आले की चिमट्याने वेचा. सीताफळाचा पाला किंवा बी डोळ्याजवळ कधीच नको, माणसाच्याही.

नवं मलम आधी मानेवर रुपयाएवढ्या जागेत लावून दुसऱ्या दिवशी बघा. सडांवर फोड किंवा खपल्या असतील तर ती देवी असू शकते. म्हशींची देवी धार काढणाऱ्याच्या हातावरही उठते. असं जनावर सगळ्यांत शेवटी पिळा आणि त्याचं मलम डबीतून काडीने काढून वेगळ्या वाटीत घ्या. दुधात गाठी, कासेला सूज किंवा ताप दिसला तर तो आतला दगडी आजार (कासदाह), तिथे वरच्या मलमाचा उपयोग नाही. त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा.