भाड्याने देण्यासाठी फ्लॅट घेताना: आधी भाडे मोजावे, मग कर्ज ठरवावे

पुण्यात दुसरा फ्लॅट घेऊन तो भाड्याने देऊ इच्छिणाऱ्यांना एजंटाकडून हमखास ऐकायला मिळते ते हे की, 'भाड्यातूनच हप्ता फिटेल.' कर्जाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी या दाव्याचा हिशेब कागदावर मांडावा. सध्याच्या किमती आणि भाडी पाहता तो बहुतेक ठिकाणी खरा ठरत नाही.

उदाहरणादाखल ६० लाखांचा, महिना १८ हजार रुपये भाडे देऊ शकेल असा रिसेलचा टू बीएचके फ्लॅट घेऊ. वर्षातला एक महिना फ्लॅट रिकामा राहील असे धरले, तर हातात १ लाख ९८ हजार येतात. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स ३० हजार, मालमत्ता कर १५ हजार आणि रंगकाम, किरकोळ दुरुस्ती व दलाली यांचे १५ हजार वजा केले, की १ लाख ३८ हजार, म्हणजे महिन्याला साडेअकरा हजार उरतात. साडेआठ टक्के दराने २० वर्षांच्या कर्जाला दर लाखामागे सुमारे ८६८ रुपये हप्ता पडतो. त्या हिशेबाने साडेअकरा हजारांत सव्वातेरा लाखांचेच कर्ज फिटते. बँक मात्र ४८ लाख द्यायला तयार असते आणि त्याचा हप्ता ४१ हजार ६०० च्या पुढे जातो. मधले तीस हजार दरमहा पगारातूनच जाणार. ते वर्षानुवर्षे निभतील का, हे आधी ठरवावे. फ्लॅट कोणता घ्यायचा हा प्रश्न त्यानंतरचा.

स्वतःच्या खिशातून घालायची रक्कमही लोक कमी धरतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतचे गृहकर्ज मालमत्तेच्या मूल्याच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांपर्यंतचे ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावरचे ७५ टक्क्यांपर्यंत मिळू शकते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क या मूल्यात साधारणपणे धरले जात नाही. पुणे महापालिकेच्या हद्दीत स्थानिक अधिभार आणि मेट्रो अधिभार मिळून मुद्रांक शुल्क ७ टक्के होते, तर नोंदणी शुल्क जास्तीत जास्त ३० हजार रुपये असते. म्हणजे वरच्या फ्लॅटसाठी १२ लाखांच्या जोडीला साडेचार लाख हवेत आणि दलाली निराळी. खरेदी केवळ स्त्रीच्या नावे असेल, तर निवासी घराच्या मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर एक टक्का टीडीएस (विक्रेत्याला द्यायच्या रकमेतून आधीच कापायचा प्राप्तिकर) कापून सरकारकडे भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते, विक्रेत्याची नव्हे.

बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर साधारण ५ टक्के जीएसटी लागतो आणि ताबा मिळेपर्यंत भाडे शून्य, हप्त्याचा काही भाग मात्र सुरू झालेला असतो. भाड्याच्या उत्पन्नासाठीच घ्यायचे असेल, तर भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) मिळालेला तयार फ्लॅट बरा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात आजवरच्या प्रत्येक खरेदी-विक्रीचे मूळ करार, प्रत्येक व्यवहाराची सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयाचा उतारा), सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट आणि सोसायटीच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे मालकीचे हस्तांतरण) झाले आहे का, हे वकिलाकडून तपासून घ्यावे. विक्रेत्याचे कर्ज चालू असेल, तर मूळ कागद त्याच्या बँकेत अडकलेले असतात. अशा वेळी त्या बँकेकडून बाकी रकमेचे पत्र आणि जमा कागदपत्रांची यादी मागवावी; आपल्या बँकेचा तेवढ्या रकमेचा चेक थेट त्या बँकेच्याच नावे निघतो. विक्रेत्याच्या हाती रक्कम देऊन तो कर्ज फेडेल यावर विसंबू नये.

व्याजदर रेपोशी (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते त्या दराशी) जोडलेला असेल, तर रेपो दर बदलला की हप्ता किंवा मुदत बदलते. व्यक्तीने घर घेण्यासाठी घेतलेले बदलत्या दराचे कर्ज मुदतीपूर्वी फेडताना दंड लागत नाही, त्यामुळे बोनससारखी रक्कम हाती आली, की मुद्दलात भरणे शक्य असते.

करसवलतीचे गणितही एजंट सांगतात तितके गोड नाही. भाड्यातून भरलेला मालमत्ता कर, उरलेल्या रकमेच्या ३० टक्के सरसकट वजावट आणि कर्जाचे व्याज वजा होते. वरील कर्जाचे पहिल्या वर्षाचे व्याज चार लाखांच्या वर जात असल्याने कागदावर मोठा तोटा दिसतो. जुन्या करप्रणालीत त्यातील दोन लाखांपर्यंतच रक्कम पगारातून वजा करता येते. नव्या करप्रणालीत तीही नाही. शिवाय मालक स्वतः राहत असल्यास पुणे महापालिका मालमत्ता करात जी ४० टक्के सवलत देते, ती फ्लॅट भाड्याने दिल्यावर मिळत नाही. सोसायटीला ना-वापर शुल्क (मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो म्हणून घेतले जाणारे शुल्क) सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच आकारता येते. जास्त मागणी आली, तर २००१ च्या शासन आदेशाचा हवाला देऊन लेखी हरकत घ्यावी.

भाडेकरू ठरला, की लिव्ह अँड लायसन्स कराराची (ठरावीक मुदतीसाठी घर वापरू देण्याच्या भाडेकराराची) नोंदणी करावी. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक असून ती जबाबदारी मालकावर आहे. त्यात कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यामानाने खर्च किरकोळ आहे: १८ हजार भाडे आणि ५० हजार अनामत असलेल्या अकरा महिन्यांच्या करारावर पाव टक्का दराने सुमारे पाचशे रुपये मुद्रांक शुल्क आणि शहरात एक हजार नोंदणी शुल्क पडते. याच कायद्याच्या कलम २४ नुसार मुदत संपूनही भाडेकरू घर सोडत नसेल, तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि त्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते.