ओबो नवा, प्रवेशपरीक्षा जवळ: आधी रीडकडे बघा

ओबो हे फुंकून वाजवायचं पाश्चात्त्य वाद्य हाती येऊन वर्ष-दोन वर्षंच झाली असतील आणि संगीत विद्यालयाची प्रवेशपरीक्षा द्यायची असेल, तर अवघड रचनांच्या मागे लागण्याआधी रीडची, म्हणजे ज्यातून फुंकायचं त्या वेताच्या दुहेरी पट्टीची, सोय करा. एकाच लाडक्या रीडवर विसंबणं म्हणजे स्वतःहून संकट ओढवून घेणं. तिचं टोक नेमकं आदल्या रात्री चिरतं. निदान 3 चांगल्या रीड आलटूनपालटून वाजवत ठेवा. वाजवण्याआधी दोन-तीन मिनिटं साध्या पाण्यात भिजवा, तासभर बुडवून ठेवू नका.

दुसरी गोष्ट श्वासाची. ओबोत हवा कमी पडत नाही, उलट उरते. रीडची फट इतकी अरुंद असते की छातीत वापरलेली हवा साठते आणि जीव घुसमटतो. म्हणून स्वरलिपीत पेन्सिलीने दोन वेगळ्या खुणा करा: कुठे नुसता उच्छ्वास, कुठे श्वास. सरावातही त्या पाळा.

रोज दहा मिनिटं ट्यूनर (सूर बरोबर लागतोय का ते दाखवणारं साधन) लावून लांब स्वर धरा, हळू सुरुवात, मध्ये मोठा, पुन्हा हळू. कंटाळवाणं आहे, मान्य. पण परीक्षकांना सूर डळमळलेला आधी ऐकू येतो, वेग नंतर. स्केल, म्हणजे स्वरांचे क्रमवार आरोह-अवरोह, मात्र पाठच हवेत.