व्हॅलेटा बंदर कसे पाहावे : कोकणातून निघणाऱ्यांसाठी

भूमध्य समुद्रातील जुन्या बंदरांची सहल करून आलेल्या मंडळींना काय पाहिले असे विचारले, तर बहुतेकांचे उत्तर स्वच्छ रस्ते, निळे पाणी आणि महाग कॉफी यांच्यापुढे जात नाही. मुंबई-पुण्याच्या प्रवाशाचे एक वेळ समजू शकते. परंतु ज्याचे बालपण खाडीच्या तोंडाशी, जलदुर्गाच्या सावलीत आणि भरती-ओहोटीच्या हिशेबात गेले, त्या कोकणी माणसाने बंदर पाहून इतकेच सांगावे हे काही पटत नाही. भूमध्य समुद्रातील माल्टा या बेटांच्या देशाची राजधानी व्हॅलेटा हे असे बंदर पाहण्यासाठी मला सर्वांत सोयीचे वाटते. ते लहान आहे, एकाच हेतूने वसवलेले आहे आणि आपल्या किनाऱ्यावरून जे प्रश्न आपण सोबत नेतो त्यांची उत्तरे तिथे उघड्यावर दिसतात.

म्हणून पहिली सूचना अशी की, विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी एक दिवस विजयदुर्गाला द्यावा. आपण अनेकदा गेलेले असतो, पण सहलीच्या गडबडीत वाघोटण खाडीचे तोंड, तिहेरी तटबंदी आणि खाडीत आत, वाऱ्या-लाटांपासून दूर असलेली आंग्रेकालीन गोदी या तिन्हींचा एकमेकींशी असलेला संबंध नीट पाहिलेला नसतो. गलबते कुठे निवाऱ्याला जात, तोफा कोणत्या पाण्यावर रोखलेल्या असत, वेढा पडल्यास प्यायचे पाणी कुठून येई, बांधकामाचा दगड कुठला आणि १७५६ मध्ये इंग्रजी आरमाराच्या माऱ्यापुढे तुळाजी आंग्र्यांचा हा किल्ला का पडला, हे पाच प्रश्न वहीत उतरवून घ्यावेत. व्हॅलेटात हीच वही उपयोगी पडते.

कागदपत्रांबाबत थोडक्यात सांगतो. माल्टा शेंगेन देशांपैकी आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसा लागतो. त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तो उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी करावा लागतो आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा जोडावा लागतो. चलन युरो आहे. इंग्रजी ही तिथली एक अधिकृत भाषा असल्याने अडत नाही. वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात. मात्र विजेची खोबणी चौकोनी तीन पायांच्या प्लगची असते, तेवढा अडॅप्टर सोबत ठेवावा.

कोणत्या महिन्यात जावे हे ठरवताना आपले ऋतुचक्र डोक्यातून काढून टाकावे लागते. आपल्याकडे जून ते ऑगस्ट समुद्र बंद असतो आणि नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात लोटल्या जातात. भूमध्य समुद्रात हे नेमके उलटे आहे. तिथे उन्हाळा हा दर्यावर्दींचा काळ आणि हिवाळा वादळांचा. पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते फेब्रुवारी पडतो आणि तोही वर्षाकाठी साधारण ५५० मिलिमीटर. आपल्याकडे जुलैतला एखादा जोरदार आठवडा तेवढा पाऊस पाडून जातो. हा फरक नुसत्या हवामानाचा नाही, त्याने इतिहास घडवला आहे. १५६५ साली ऑटोमन तुर्कांचे आरमार मे महिन्यात माल्टावर चालून आले आणि सप्टेंबरात, समुद्र बिघडण्याच्या बेतात असताना आणि सिसिलीहून कुमक उतरल्यावर, वेढा उठवून निघून गेले. प्रवाशासाठी एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हे दिवस बरे. जुलै-ऑगस्टमधील ऊन आपल्याला सोसेल असे वाटते, पण त्या पिवळ्या दगडांवरून परतणारा उजेड डोळ्यांना फार त्रास देतो.

पोहोचल्यावर शहराच्या मुख्य दरवाजातून आत शिरण्याची घाई करू नये. बंदराचे शहर पाण्यावरूनच पाहावे, कारण ते पाण्यावरून येणाऱ्यांसाठीच बांधलेले असते. त्यासाठी व्हॅलेटासमोरच्या बिरगू, सेंगलीया आणि बॉर्मला या तीन जुन्या वस्त्यांकडे जाणारी फेरीबोट उत्तम. दायसा नावाच्या लहान लाकडी होड्याही मिळतात. पाय ठेवण्यापूर्वी भाडे विचारून घ्यावे, हे आपल्याला सांगायला नकोच. बोट धक्क्यापासून सुटली की ग्रँड हार्बरची रचना कळते. हाताची बोटे पसरावीत तसे पाण्याचे फाटे जमिनीत शिरलेले आहेत आणि दोन बोटांमधल्या प्रत्येक चिंचोळ्या भूशिरावर वस्ती किंवा किल्ला आहे. आपल्या खाड्यांप्रमाणेच या बुडालेल्या दऱ्या आहेत. समुद्राची पातळी वाढली आणि नदीच्या खोऱ्यात पाणी शिरले. फरक असा की वाघोटणला वरून नदी येते आणि गाळ आणते. माल्टात बारमाही नदीच नाही, त्यामुळे हे बंदर खोल राहिले आणि मोठी जहाजे थेट तटाखाली येऊन उभी राहू शकली.

याच वेळी पाण्याची रेषा निरखावी. आपल्याकडे भरती-ओहोटीत दोन-तीन मीटरचा फरक पडतो, जेटीच्या खांबांवर कालवांचा पट्टा दिसतो आणि ओहोटीला होडी चिखलात कलंडते. इथे भरती जेमतेम वीतभर. म्हणूनच घरांच्या पायऱ्या सरळ पाण्यात उतरतात, होड्या दारात बांधलेल्या असतात आणि फेरीच्या वेळापत्रकाला तिथीशी काही देणेघेणे नसते. सोबतचा कोणी तांडेल असेल, तर तो हेच पाहून सर्वांत जास्त चकित होईल.

बिरगूच्या टोकाचा सेंट अँजेलो किल्ला जवळून पाहून परत यावे आणि धक्क्याजवळच्या लिफ्टने वर अप्पर बराक्का बागेत जावे. इथून संपूर्ण बंदर नजरेखाली येते. खालच्या सज्जावर तोफांची रांग असून रोज दुपारी बाराला त्यांतील एक डागली जाते. गर्दी त्यासाठीच जमते. मला मात्र तोफेपेक्षा त्या उंचीचे महत्त्व अधिक वाटते. वेढ्याच्या वेळी व्हॅलेटा शहर अस्तित्वातच नव्हते. इथे एक उघडी डोंगरधार होती आणि तिच्या टोकाला एकटा सेंट एल्मो किल्ला. ऑटोमन तोफा याच धारेवर चढल्या आणि सुमारे महिनाभराच्या झुंजीनंतर २३ जून १५६५ रोजी एल्मो पडला. ही उंची पुन्हा शत्रूच्या हाती जाता कामा नये, यासाठी त्या वेळी माल्टावर सत्ता असलेल्या, सेंट जॉनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ख्रिस्ती लढवय्या सरदारांच्या संघटनेचे प्रमुख ज्याँ द व्हॅलेट यांनी २८ मार्च १५६६ रोजी या धारेवरच नव्या शहराची पायाभरणी केली. शहर हाच किल्ला, ही कल्पना बराक्कात उभे राहिल्याशिवाय पुरती उमगत नाही.

आता शहरात शिरावे. सगळे क्षेत्र ५५ हेक्टरांचे, म्हणजे पायी सहज होणारे. इटालियन अभियंता फ्रान्चेस्को लापारेल्ली याने रस्ते सरळ आणि काटकोनात आखले. धार उतरती असल्याने कित्येक गल्ल्या पायऱ्यांच्या आहेत, तेव्हा गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनी मधल्या मुख्य रस्त्याने चालावे आणि आडव्या गल्ल्यांतून फक्त समुद्राचा तुकडा पाहून घ्यावा. रंगीत लाकडी बंद सज्जे, पितळी कड्यांची दारे आणि कोपऱ्याकोपऱ्यावर संतांच्या मूर्ती दिसतात. आपल्या वाटेवरच्या घुमट्यांची सवय असलेल्याला त्या मूर्तींपुढे थांबावेसे वाटते, आणि थांबण्यास कोणाची हरकत नसते.

दगडाला हात लावून पाहण्याची शिफारस मी आवर्जून करतो. हा मधाच्या रंगाचा चुनखडक खाणीतून निघताना इतका मऊ असतो की करवतीने कापता येतो आणि हवा लागली की त्याचा पृष्ठभाग कठीण होतो. आपला जांभा चिराही असाच ओला असताना कापला जातो आणि उन्हा-वाऱ्यात टणक होतो. दोघांचा शत्रूही एकच, खारा वारा. समुद्राकडच्या भिंतींवर काही दगड पोखरून त्यांना मधमाश्यांच्या पोळ्यासारखी छिद्रे पडलेली असतात, तर शेजारचाच दगड गुळगुळीत राहिलेला असतो. खाणीतल्या थराप्रमाणे दगडाचा जात-कस बदलतो, हे आपल्या पाथरवटाला कोणी समजावून सांगायला नको.

त्यानंतर पाण्याचा प्रश्न. सिंधुदुर्गावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव यांचे गोडे पाणी आहे. व्हॅलेटाच्या धारेवर झरा नाही. त्यामुळे प्रत्येक घराखाली खडकात टाके खोदून छपरावरचे पावसाचे पाणी साठवण्याचा नियमच करण्यात आला, आणि टाके खोदताना निघालेला दगड वरच्या भिंतींना कामी आला. जुन्या वाड्यांच्या चौकात डोकावले, तर टाक्याचे दगडी तोंड दिसते आणि कधी कधी त्याच्या काठावर दोराने पडलेल्या खाचाही. पुढे वस्ती वाढल्यावर बेटाच्या आतल्या भागातील झऱ्यांचे पाणी आणणारा जलसेतू १६१५ मध्ये पूर्ण झाला.

सेंट जॉनचे को-कॅथीड्रल टाळू नये. बाहेरून ते अगदी साधे आहे, आणि आत डोळे दिपवणारी सोन्याची नक्षी. संपूर्ण जमीन सरदारांच्या थडग्यांवरील रंगीत संगमरवरी शिळांची आहे, म्हणून टोकदार टाचांची पादत्राणे चालत नाहीत. इटालियन चित्रकार कॅराव्हाज्योने १६०८ मध्ये रंगवलेले, बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाच्या शिरच्छेदाचे प्रचंड चित्र इथे आहे. त्याने सही केलेले हे एकमेव चित्र असून ती सही चित्रातल्याच सांडलेल्या रक्तात आहे. ती शोधायला वेळ लागतो.

हे वैभव पाहताना ते कुठून आले हेही विचारावे. युरोपातील जहागिरींच्या उत्पन्नाबरोबरच समुद्रावरील लूट आणि गुलामांचा व्यापार यांचाही त्यात वाटा होता. पकडून आणलेले मुसलमान गुलाम या सरदारांच्या गलबतांची वल्ही मारीत. स्वतःच्या परवान्याने परकी जहाजे लुटणाऱ्यांना तिथल्या पाट्यांवर धर्मवीर म्हटलेले वाचले, की आपल्या पाण्यात दस्तक, म्हणजे परवाना, मागणाऱ्या कान्होजी आंग्र्यांना इंग्रजांनी चाचे ठरवले होते याची आठवण कोकणी वाचकाला झाल्यावाचून राहत नाही. संग्रहालयातली पाटी कोणी लिहिली आहे, हे पाहूनच ती वाचावी.

मुंबईचा आणि या बंदराचा संबंध जुना आहे. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर माल्टा हा मुंबई-लंडन मार्गावरील कोळसा भरण्याचा थांबा झाला. कोकणातले कित्येक खलाशी मुंबईहून सुटणाऱ्या ब्रिटिश आगबोटींवर कामाला होते; घरात तसे कोणी होऊन गेले असेल, तर निघण्यापूर्वी जुन्या पेट्या उघडून कागद पाहावेत. त्याच सुमारास आलेल्या सिंधी व्यापाऱ्यांचे वंशज आजही माल्टात आहेत.

जेवणाचे म्हणाल, तर रस्त्यावर मिळणारी पास्तीत्सी, म्हणजे पापुद्र्यांची भरलेली करंजीच, स्वस्त आणि पोटभरीची असते, चीजची किंवा वाटाण्याची. शाकाहाऱ्यांनी तिच्या पारीत चरबी आहे का ते विचारावे. मासे खाणाऱ्याने लांपुकी मिळाल्यास सोडू नये. हा मासा साधारण ऑगस्टअखेरपासून डिसेंबरपर्यंत मिळतो आणि त्याला पकडण्याची रीत पाहण्याजोगी आहे. ताडाच्या झावळ्यांचे तराफे समुद्रात नांगरून ठेवतात, त्यांच्या सावलीखाली मासे जमतात आणि मग भोवती जाळे टाकतात. नारळाच्या झापांशी रोजचा संबंध असलेल्या आपल्या मच्छीमारांनी यावर जरूर विचार करावा.

रविवारी को-कॅथीड्रल पर्यटकांना बंद असते, म्हणून तो दिवस मार्सश्लोक या मच्छीमार गावासाठी राखावा. व्हॅलेटाच्या दरवाजाबाहेरून बस मिळते. पिवळ्या, निळ्या, लाल पट्ट्यांच्या लुत्सू होड्या, त्यांच्या नाळेवर दोन्ही बाजूंना कोरलेले डोळे आणि धक्क्यालगतचा बाजार हे सर्व तिथे आहे. सकाळी लवकर जावे. दहानंतर बाजारात मासळी कमी आणि टोप्या-पिशव्याच जास्त असतात. क्रूझ जहाज लागलेले असेल त्या दिवशी व्हॅलेटाही असेच भरून जाते, तेव्हा जहाजांचे वेळापत्रक आधी पाहून तो दिवस सेंट एल्मोमधील युद्धसंग्रहालयाला द्यावा. दुसऱ्या महायुद्धातील बाँबवर्षावानंतर १९४२ मध्ये बेटाला मिळालेला जॉर्ज क्रॉस हा ब्रिटिश शौर्यपदक तिथेच ठेवलेला आहे.

टिपणे त्याच संध्याकाळी लिहावीत आणि त्यांत विशेषणे कमी, नावे जास्त ठेवावीत. वारा कोणत्या दिशेचा होता, धक्क्याला किती पायऱ्या होत्या, होडीवाल्याने वल्हे कसे धरले होते, मासळीचा दर काय होता, हे लिहिले असेल तर घरी परतल्यावर कोळीवाड्यातला श्रोताही प्रश्न विचारतो. नुसत्या फोटोंवर तो मान डोलावतो आणि चहा आला का पाहतो.