सगळी पोती कोरडी, सगळी हळद कोरडी : इंग्रजी पत्रात 'इज' कुठं आणि 'आर' कुठं

सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात बाहेरगावचा पत्रव्यवहार मी बघते. कोचीच्या, चेन्नईच्या व्यापाऱ्याला मराठी येत नाही, त्यामुळे सगळं इंग्रजीत. दुकानात नवीन लागणारी पोरं बी.कॉम. झालेली असतात, शब्दांना कमी नसतात. पण 'एव्हरीवन', 'ईच', 'नोबडी' आले की क्रियापद चुकतंच. त्यांना सांगते तेच इथं लिहिते.

'एव्हरीवन' दिसलं की आपल्या मनात 'सगळे' येतं, आणि मग 'एव्हरीवन हॅव सीन द सॅम्पल' असं लिहून मोकळं होतो. मनात 'सगळे' म्हणूच नका, 'प्रत्येक जण' म्हणा. 'प्रत्येक जण आला' हे आपोआप एकवचनात येतं, तसंच 'एव्हरीवन हॅज'. शेवटी 'वन', 'बडी' किंवा 'थिंग' असलेले समवन, एनीबडी, नथिंग वगैरे सगळे शब्द ह्याच घरचे. त्यांना इज, वॉझ, हॅज लावायचं आणि साध्या वर्तमानकाळात क्रियापदाला 'स': 'एव्हरीबडी नोज द रेट'. प्रश्न विचारताना मात्र तो 'स' 'डझ'कडे जातो, दोन्हीकडे राहत नाही. 'डझ एनीवन नो द रेट?' इथं 'नोज' नको. 'डिड'चंही तसंच: 'डिड समवन कॉल?', 'कॉल्ड' नाही.

खरी गडबड 'ऑफ'पाशी होते. 'ईच ऑफ द बॅग्ज हॅव बीन वेइड' असं पत्र माझ्याकडे सारखं येतं. क्रियापदाला चिकटून 'बॅग्ज' बसलंय, म्हणून हात 'हॅव'कडे जातो. 'ऑफ द बॅग्ज' ह्या तुकड्यावर बोट ठेवा आणि उरलेलं वाचा: 'ईच हॅज बीन वेइड'. ईच, आयदर, नायदर, वन ह्या चौघांचा निकाल 'ऑफ'च्या आधीच लागतो. पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी कृष्णा 45 फुटांच्या धोका पातळीकडे निघाली की ट्रक कधी सुटणार म्हणून फोनवर फोन येतात. तेव्हा उत्तर जातं, 'नायदर ऑफ द रोड्स इज ओपन'. रस्ते दोन असले तरी 'इज'च. 'वन ऑफ'मध्ये तर दोन ठिकाणी पाय घसरतो: 'वन ऑफ अवर बायर आर'. नाम अनेकवचनी, क्रियापद एकवचनी, म्हणजे 'वन ऑफ अवर बायर्स इज फ्रॉम कोची'.

ऑल, सम, मोस्ट, एनी ह्यांचं उलटं. इथं 'ऑफ'नंतर काय आलंय ते बघायचं. 'ऑल ऑफ द टर्मरिक इज ड्राय', पण 'ऑल ऑफ द बॅग्ज आर ड्राय'. माल तोच. हळद मोजता येत नाही, तोलावी लागते, म्हणून 'इज'; पोती मोजता येतात, म्हणून 'आर'. 'सम ऑफ द मनी हॅज कम', 'सम ऑफ द चेक्स हॅव कम'. 'नन'सुद्धा ह्यांच्यातच: 'नन ऑफ द टर्मरिक इज वेट'. पुढं अनेकवचन असेल तर 'इज' आणि 'आर' दोन्ही चालतात. मी 'आर' लिहिते. जुन्या वळणाची माणसं 'इज' करून देतात, त्यावर वाद घालत नाही. बोथ, फ्यू, मेनी, सेव्हरल कायम अनेकवचनी, तिथं डोकं लावायला नको.

आता नकार. मराठीत 'कोणीच आलं नाही' म्हणताना 'कोणीच' आणि 'नाही' जोडीनं येतात. तीच जोडी इंग्रजीत नेली की 'नोबडी डिड नॉट कम' होतं, आणि त्याचा अर्थ निघतो सगळे आले. सौद्याबद्दल असं लिहून बघा, समोरचा भाव कसा पाडून मागतो ते कळेल. एकच नकार ठेवा: 'नोबडी केम'. 'एनीबडी डिड नॉट कम' हेही चालत नाही, कारण 'एनी' नकाराच्या आधी येत नाही, मागून येतो: 'वी डिड नॉट सी एनीबडी'. प्रश्नातही बहुतेक 'एनी'च: 'डू यू हॅव एनी स्टॉक?' फक्त आपणहून काही देऊ करताना, 'हो' येईल ह्या हिशोबानं, 'सम' येतं: 'वुड यू लाइक सम सॅम्पल्स?'

'एव्हरीवन' एकवचनी, मग पुढं 'हिज' लिहायचं का? जुन्या व्याकरणात तसंच आहे. आमच्याकडे पावतीवर सही करणाऱ्यांत हळद निवडणाऱ्या बायकाच जास्त, तिथं 'हिज' कुणाला म्हणायचं? 'हॅज एव्हरीवन साइन्ड देअर रिसीट?' असं बिनधास्त लिहा. क्रियापद एकवचनी, 'देअर' मात्र तसंच. मेरियम-वेब्स्टर शब्दकोशानं 2019 साली एकवचनी वापरामुळं गाजलेल्या 'दे'ला वर्षाचा शब्द ठरवलं होतं. स्पर्धा परीक्षेला बसणार असाल तर मात्र समोरचे पर्याय बघून ठरवा. 'देअर' नसेलच तर 'हिज'वर खूण करा.

राहिलं 'नंबर'. 'द नंबर ऑफ बॅग्ज इज 120' हा आकडा झाला, म्हणून 'इज'. 'अ नंबर ऑफ बॅग्ज आर टॉर्न' म्हणजे बरीच पोती फाटली, म्हणून 'आर'. हे वाक्य पाठवायच्या आधी मात्र शेटना विचारा.