गव्हाचे शेणखत ढिगात वाळवू नका

शिरूर, दौंड, बारामती या पट्ट्यात दसरा झाला की शेतांतून शेणखताच्या ढिगांच्या रांगा दिसू लागतात आणि ट्रॅक्टर मिळेपर्यंत ते ढीग पंधरा-वीस दिवस तसेच उन्हात पडून राहतात. तांबेऱ्याने गेलेला गहू मी पाहिला आहे, पण या ढिगांपायी गेलेला त्याहून अधिक पाहिला आहे. ऑक्टोबरच्या उन्हात खतातील नत्र (नायट्रोजन) अमोनिया होऊन उडून जाते, आणि अवकाळी सर आली तर उरलेले नत्र व पालाश (पोटॅश) तपकिरी पाण्यातून ढिगाखालीच मुरतात. असे शेत जानेवारीत बांधावरून पाहावे: ढिगाच्या जागी खाटेएवढे काळपट-हिरवे, लोळलेले ठिपके आणि मधला सगळा गहू फिकट.

म्हणून ज्या दिवशी खत शेतात उतरेल, त्याच दिवशी ते पसरून वखराच्या पाळीने मातीआड करावे. औत किंवा ट्रॅक्टर ठरल्याशिवाय खत उकिरड्यातून हलवू नये. पावसाचा इशारा असेल तर मुळीच हलवू नये.

कच्च्या खताचाही दोष असाच महाग पडतो. मूठभर खत चोळल्यावर काड तुटत नसेल, तर ते कुजवणारे जिवाणू जमिनीतलेच नत्र ओढून घेतात, वाळवी वाढते आणि ऐन मुकुटमुळे (खोडाच्या बुडाशी येणारी मुख्य मुळे) फुटताना गहू पिवळा पडतो. मग दुकानदार ह्युमिकची बाटली किंवा ‘फुटव्यांचे टॉनिक’ हातात ठेवतो. त्या पैशात युरियाच्या दोन-तीन गोण्या येतात.

वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हासाठी, एकरी:
चांगले कुजलेले शेणखत ४ टन
पेरताना डीएपी (नत्र-स्फुरदाचे खत) ५० किलो, युरिया ३३ किलो, पोटॅश २७ किलो
२१ व्या दिवशी पाण्याबरोबर युरिया ५२ किलो
पेरणी १५ नोव्हेंबरपर्यंत

हा हिशेब हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद (फॉस्फरस) आणि ४० किलो पालाश या शिफारशीचा आहे. माती परीक्षणाचा अहवाल हाती असेल तर त्याप्रमाणे फेरफार करावा. चार टन खतात नत्र वीस किलोच्या आसपास असते आणि पहिल्या पिकाला त्यातला थोडाच भाग मिळतो, त्यामुळे खत टाकले म्हणून युरिया बंद करू नये. खताचा खरा लाभ सेंद्रिय कर्ब टिकण्यात आणि चुनखडीच्या जमिनीत जस्त व लोह पिकाला मिळत राहण्यात आहे. लोहाची कमतरता असल्यास हेक्टरी २० किलो फेरस सल्फेट शेणखतात मुरवूनच द्यावे, नुसते टाकल्यास ते चुनखडीत अडकते.

दाण्याची प्रत ठरते ती उशिरा मिळणाऱ्या नत्रावर. ते कमी पडले की बन्सी गव्हाच्या (रवा-शेवयांचा कठीण गहू) काचेसारख्या दाण्यावर पांढरट-पिवळे पिठूळ डाग येतात, प्रथिने घटतात आणि व्यापारी ओंजळीत दाणे घेताच भाव पाडतो. ५५ आणि ७० दिवसांनी १९:१९:१९ या (नत्र, स्फुरद, पालाश सारखेच असलेल्या) विद्राव्य खताची २ टक्के फवारणी, म्हणजे १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम, करावी. त्यावर वेगळे ‘चमक वाढवणारे’ औषध घेऊ नये.

ज्या वावरात धनगरांच्या मेंढ्या बसवल्या होत्या, तिथला दाणा मला नेहमी अधिक टणक आणि चकचकीत वाटला आहे. याला माझ्याकडे प्रयोगाचा आधार नाही, पण लेंड्या आणि मूत्र तिथल्या तिथे पडून लगेच वखरले जातात, ढीग होतच नाही.