खड्डा सरकतो का ते बघा : रंग भरलेला ओपल कसा करावा आणि कसा मोजावा

माझे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत चालवायचे. हळकुंड मोडायचं आणि आतला रंग बघून भाव बोलायचा, हे मी लहानपणापासून बघत आले. पुढे फिजिक्स शिकवायला लागल्यावर वर्गात पहिला प्रयोग केला तोही हळदीचाच. चिमूटभर पूड स्पिरिटमध्ये ढवळायची, गाळायची आणि नोटा तपासायच्या जांभळ्या टॉर्चखाली धरायची. पिवळं पाणी हिरवट उजळतं. एका वर्षी एका मुलीनं विचारलं, "मॅडम, हा उजेड सगळीकडे सारखाच जातो का? एखाद्या बाजूला जाऊ नको म्हणून सांगता येतं का त्याला?" सांगता येतं. कसं, ते इथे लिहिते आहे, कारण एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी हे काम आपल्याकडच्या साधनांत नीट होतं.

ओपल म्हणजे एकसारख्या बारीक गोळ्यांची रचलेली रास. बाजारात संत्री रचतात तशीच. जागेचा ७४ टक्के भाग गोळ्यांचा, बाकी पोकळी. थर समान अंतरावर असल्यामुळे एका ठरावीक रंगाचा प्रकाश एका ठरावीक दिशेनं आतून बाहेर येऊ शकत नाही, परत फिरतो. १९८७ मध्ये याब्लोनोविच आणि सजीव जॉन या भौतिकशास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे ही कल्पना मांडली आणि तिथून फोटॉनिक क्रिस्टल हा विषय उभा राहिला. आपण त्या पोकळीत चमकणारा रंग भरायचा आणि त्या दिशेला त्याच्या उजेडातला कोणता रंग अडतो ते बघायचं. उजेडाच्या ग्राफमध्ये अडलेल्या रंगाच्या जागी खड्डा पडतो; स्लाइड तिरकी केल्यावर तो सरकतो का, हीच परीक्षा.

हळद मात्र इथे वापरू नका. मला तिची माया आहे, पण तिचा रंग उजेडात लवकर उडतो आणि मोजणी अर्ध्यावर असताना वाचन घसरत जातं. ऱ्होडामाइन ६जी हा चमकणारा रंग घ्या. त्याचा उजेड साधारण ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास सगळ्यात जास्त असतो. हातमोजे घाला, हा रंग बोटांवरून दिवसेंदिवस जात नाही.

आता गोळ्यांचा आकार. इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया जातं. पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकच्या ओपलकडे सरळ समोरून पाहिलं तर अडणाऱ्या रंगाची तरंगलांबी गोळीच्या व्यासाच्या सुमारे २.३८ पट येते. २४० नॅनोमीटरची गोळी घेतली तर ५७२. स्लाइड तिरकी केली की हा आकडा खाली येतो : २० अंशांना ५५६, ३० अंशांना ५३७, ४० अंशांना ५१३. म्हणजे अडणारा पट्टा रंगाच्या उजेडावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत जातो, आणि आपल्याला तेच हवं आहे. म्हणून २४०. गोळ्या विकत घेताना आकारातला फरक पाच टक्क्यांच्या आत असल्याची खात्री करा, नाहीतर ओपल न होता पांढरा चुना होतो.

थर देण्याचं काम मी एप्रिलमध्ये करते. स्लाइड साबणानं, मग डिस्टिल्ड पाण्यानं, मग अल्कोहोलनं धुवायची. पाण्याचा थेंब काचेवर पसरला पाहिजे, मणी होऊन बसला तर पुन्हा धुवा. गोळ्यांचं द्रावण पातळ करून अर्धा टक्का करा, छोट्या बाटलीत ओता, स्लाइड त्यात जवळपास उभी ठेवा आणि पाणी आपोआप उडू द्या. पाण्याची कड खाली उतरते तशा गोळ्या काचेवर रांगेनं बसतात. पॉलिस्टायरीन पाण्यापेक्षा किंचितच जड, त्यामुळे दिवस लागले तरी गोळ्या तळाशी जात नाहीत. सिलिकाच्या जातात. पावसाळ्यात आमच्याकडे हवा इतकी ओली असते की बाटली आठवडाभर तशीच राहते.

पहिल्या वर्षी आम्ही ओव्हन वापरला होता. दोन दिवसांनी स्लाइड काढली तर तिच्यावर आडवे पट्टे. दर पट्टा कुठून आला हे शोधायला मुलांनी वही काढली, तेव्हा कळलं की लाईट गेली की ओव्हन थंड व्हायचा, पाणी उडणं मंदावायचं आणि त्या जागी थराची जाडी बदलायची. तेव्हापासून ओव्हन बंद. वैशाखातली खोली, बंद पंखा, आणि टेबलाजवळून कोणी दाणदाण चालायचं नाही.

स्लाइड कोरडी झाली की ८० अंश सेल्सियसला तासभर तापवा, म्हणजे गोळ्या एकमेकींना धरतात. शंभरच्या जवळ जाऊ नका, गोळ्या मऊ होऊन रचना बसते.

रंग भरणं सोपं आहे. १०० मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम ऱ्होडामाइन, मग त्याचं दहापट पातळ. पाणी आणि अल्कोहोल निम्मे-निम्मे, कारण नुसतं पाणी पोकळीत शिरायला तयार नसतं. अ‍ॅसिटोन किंवा टोल्यूइन चुकूनही नको, गोळ्याच विरघळतील. स्लाइड बुडवल्यावर तिची चमक फिकी होईल आणि पिवळ्याकडून नारिंगीकडे जाईल. घाबरू नका, पोकळीत हवेऐवजी द्रव शिरला याची ती खूण आहे. वाळल्यावर मूळचा रंग परत आला म्हणजे रचना शाबूत आहे. नाही आला तर ती स्लाइड बाजूला ठेवा. द्रावणातून काढताना क्षणभर पाण्यात बुडवून वरचा जादा रंग धुवा. पृष्ठभागावर बसलेला रंग थरांमधून जातच नाही, त्यामुळे त्याचा उजेड अडत नाही आणि आतून आलेला खड्डा बुजवून टाकतो.

तुलनेसाठी दुसरी स्लाइड लागतेच. साधी काच चालणार नाही, कारण गोळ्यांमुळे होणारं विखुरणं काचेत नसतं. ३०० नॅनोमीटरच्या गोळ्यांचा ओपल करा, त्याच द्रावणात तितकाच वेळ बुडवा. त्याचा अडणारा पट्टा ७१५ ला जातो, रंगाच्या उजेडापासून लांब. पहिल्या स्लाइडच्या वाचनाला याच्या वाचनानं भागायचं.

मोजायला कॉलेजचा स्पेक्ट्रोमीटर (उजेड रंगांत फोडून मोजणारं यंत्र) असेल तर उत्तम. नसेल तर डीव्हीडीचा तुकडा, काळा पुठ्ठ्याचा खोका आणि मोबाईलचा कॅमेरा पुरतो. कॅमेऱ्याचं एक्स्पोजर पक्कं करा. जुना सीएफएल दिवा लावून पाऱ्याच्या ४३६ आणि ५४६ च्या रेघांवर मोजपट्टी बसवा. निळ्या एलईडीनं स्लाइड बाजूनं उजळवा, कॅमेऱ्यापुढे पिवळा फिल्टर ठेवा आणि स्लाइड एका कोनमापकावर बसवा.

गेल्या वर्षी एक मुलगी धावत आली, "मॅडम, खड्डा आला, ५३५ ला!" मी म्हटलं, "कोन फिरव गं, मग सांग." तिनं शून्यापासून चाळीसपर्यंत फिरवला, खड्डा हलला नाही. द्रावण दाट झालं होतं आणि रंग स्वतःचाच उजेड गिळत होता. ते शोषण कोनाकडे बघत नाही. द्रावण पातळ करून पुन्हा केलं तेव्हा उथळ, पण सरकणारा खड्डा मिळाला : समोरून ५७० च्या जवळ, ३० अंशांना ५४० च्या खाली. तिच्या अहवालात मी तोच ग्राफ ठेवायला लावला, पहिला दिसायला कितीही खोल असला तरी.

अहवालात एक गोष्ट स्पष्ट लिहा. अशा ओपलमध्ये उजेडाची दिशा बदलते, रेणू किती वेळात उजळून विझतो ते जवळपास बदलत नाही. त्यासाठी पोकळीत टायटानिया (टायटॅनियमचा ऑक्साइड) भरून गोळ्या काढून टाकल्यावर मागे उरलेली जाळी लागते. नेदरलँड्सच्या ट्वेन्टे विद्यापीठातल्या गटानं २००४ मध्ये अशा जाळीत क्वांटम डॉट (उजेड देणारे अतिसूक्ष्म कण) भरून तो वेळ बदलून दाखवला. आपल्या स्लाइडवर तो दावा करू नका.

मोजणी झाली की शून्य अंशाचं वाचन शेवटी पुन्हा घ्या. उजेड कमी झाला असेल तर रंग उडाला आहे, तेवढी दुरुस्ती करता येते. पण खड्डा पहिल्या जागीच असायला हवा. तो हलला असेल तर स्लाइड कोनमापकावर घसरली आहे, सगळे कोन पुन्हा घ्या.