एमएच पासिंगची गाडी घेऊन गोव्यात आलात? मग आधी विमा बघा

पुण्या-मुंबईहून गोव्यात राहायला आलेल्या मंडळींचा पहिला प्रश्न भाड्याच्या घराचा असतो आणि दुसरा गाडीचा. "गोवा पासिंग केलं की इन्शुरन्स स्वस्त होतो म्हणे?" होतो, पण किती ते कळलं तर त्यासाठी कोणी वाहतूक खात्याच्या रांगेत उभं राहणार नाही. आपल्या गाडीच्या नुकसानीचा जो हप्ता असतो, म्हणजे 'ओन डॅमेज', त्याच्या जुन्या दरतक्त्यात देशाचे दोन झोन केले आहेत. मुंबई, पुणे, नवी दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद आणि अहमदाबाद ही आठ शहरं 'ए' झोनमध्ये, बाकी सगळा देश 'बी'मध्ये. गोवाही 'बी'तच. १००० ते १५०० सीसीच्या, पाच वर्षांच्या आतल्या गाडीला या तक्त्यात 'ए'चा दर ३.२८३ टक्के आणि 'बी'चा ३.१९१ टक्के. पॉलिसीतली गाडीची किंमत, म्हणजे आयडीव्ही, पाच लाख धरली तर फरक पडतो ४६० रुपयांचा. कंपन्या त्यावर आपापली सूट देतात, तेव्हा तोही आणखी घटतो. आणि गाडी कोल्हापूर किंवा रत्नागिरी पासिंगची असेल तर काहीच फरक नाही, ती आधीपासून 'बी'तच आहे.

पासिंग बदलायचं ते कायद्यासाठी. मोटार वाहन कायद्याचं कलम ४७ सांगतं की गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. मूळ आरटीओकडून फॉर्म २८ भरून एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, आणायची, कर्ज असेल तर बँकेचं पत्र जोडायचं, मग इथे फॉर्म २७ भरून कर भरायचा. महाराष्ट्रात भरलेल्या करातला उरलेला भाग परत मागता येतो, पण अर्जही तुम्हीच करायचा आणि पाठपुरावाही तुम्हीच. केंद्र सरकारात, नौदलात किंवा चार किंवा त्याहून जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या कंपनीत नोकरी असेल, तर नवी गाडी घेताना २०२१पासून सुरू झालेली बीएच मालिका, म्हणजे सगळ्या राज्यांत चालणारा 'भारत' नंबर, घ्या. वास्कोत बदलीवर आलेल्यांना ती फारच सोयीची, कर दोन-दोन वर्षांचा भरायचा आणि पुढच्या बदलीला एनओसीची कटकट नाही. एक गोष्ट मात्र हमखास राहून जाते. जीएचा, म्हणजे गोव्याचा, नंबर मिळाला की लोक नंबरप्लेट बदलतात, पेढे वाटतात आणि पॉलिसीत जुनाच एमएचचा नंबर तसाच राहतो. नवा नंबर आणि पत्ता कंपनीकडून पॉलिसीवर चढवून घ्या. क्लेमच्या वेळी हा घोळ निस्तरणं महाग पडतं.

आता हप्त्याकडे वळू. पॉलिसीचा थर्ड पार्टी भाग सरकार ठरवतं, त्यात घासाघीस चालत नाही. जून २०२२पासूनच्या दरांनुसार १००० सीसीपर्यंतच्या मोटारीला वर्षाला २०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३४१६, त्यावरच्या गाडीला ७८९७. दुचाकीत आपली नेहमीची ११०-१२५ सीसीची स्कूटर ७१४ रुपयांच्या गटात येते. विजेवरच्या गाडीला यात पंधरा टक्के सूट. वर अठरा टक्के जीएसटी. एवढा विमा कायद्याने सक्तीचा आहे. तो नसताना गाडी चालवली तर पहिल्या वेळी दोन हजारांचा तालांव, म्हणजे दंड, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद. पण थर्ड पार्टीतून फक्त समोरच्याला भरपाई मिळते, तुमच्या गाडीला छदाम नाही. जुनी, उन्हापावसात झिजलेली गाडी असेल तर तेवढ्यावर भागवा, हरकत नाही. पाच-सात वर्षांच्या आतल्या गाडीला मात्र मी फुल इन्शुरन्सच, म्हणजे थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज दोन्ही, सांगते.

एजंट हप्ता कमी करून दाखवतो तेव्हा तो काय कापून दाखवतो ते बघा. बहुतेक वेळा आयडीव्ही उतरवलेली असते, नाहीतर झिरो डेप, म्हणजे घसारा न कापता सामानाचे पैसे देणारं जादा कवच, काढलेलं असतं. झिरो डेप नसेल तर बंपर, टायर, बॅटरी अशा प्लास्टिक-रबरच्या सामानाचे निम्मेच पैसे मिळतात. काचेला मात्र घसारा लागत नाही. याउलट ज्यांचं घर पर्वरीत आणि ऑफिस पणजीत, गाडी महिनाभरात जेमतेम चालते, त्यांनी 'पे ॲज यू ड्राइव्ह'ची चौकशी करावी. किलोमीटरनुसार हप्ता घ्यायला २०२२मध्ये परवानगी मिळाली आणि गोव्यासारख्या छोट्या अंतरांच्या मुलखात ती खरोखर उपयोगी पडते.

पैसे वाचवायची खरी जागा म्हणजे नो क्लेम बोनस. क्लेम न केलेल्या पहिल्या वर्षानंतर वीस टक्के, मग पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस आणि पन्नास टक्के सूट ओन डॅमेजच्या हप्त्यावर मिळते. इथल्या गल्ल्यांतून चिऱ्याच्या गडग्यांना, म्हणजे दगडी कुंपणांना, गाडी घासणं नवख्याच्या नशिबी लिहिलेलंच असतं, आणि पहिल्या ओरखड्याला क्लेम करायची खुमखुमीही येते. हिशेब करा. समजा बंपर चार हजारांचा आणि मजुरी दोन हजार. झिरो डेप नाही म्हणून बंपरचे दोन हजार, मजुरीचे दोन हजार, त्यातून छोट्या गाडीची सक्तीची वजावट, म्हणजे आपणच सोसायचा भाग, एक हजार. हातात आले तीन हजार. पण तुमची सूट पन्नास टक्क्यांवर होती आणि ओन डॅमेजचा हप्ता ही सूट धरण्याआधी दहा हजार होता, तर पुढच्या वर्षी ती सूट शून्य. म्हणजे पाच हजार गेले. त्यापुढच्या वर्षी वीसच टक्के, म्हणजे आणखी तीन हजार. पन्नासवर परत पोचेपर्यंत एकूण साडेबारा हजार रुपये जादा भरले जातात. तीन हजारांसाठी! ओरखडा असाच राहू द्या, गोव्यात त्याला कोणी हसत नाही.

हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. जुनी गाडी विकून इथे नवी घेतलीत तर जुन्या कंपनीकडून पत्र घेऊन तो नव्या पॉलिसीवर लावता येतो. मात्र पॉलिसी संपल्यावर नव्वद दिवसांत नूतनीकरण झालं नाही तर तो बुडतो. बदलीच्या धांदलीत, सामान अजून खोक्यांत असताना, नेमकं हेच घडतं.

फुल पॉलिसीत काय काय येतं हे कोणी वाचत नाही, आणि गोव्यात तर ते वाचायलाच हवं. माडाखाली लावलेल्या गाडीवर नारळ पडून काच फुटली तर तो अपघातच, भरपाई मिळते. पूर, वादळ, दरड यांचं नुकसान त्यात येतं. रेल्वेने किंवा अंतर्गत जलमार्गाने गाडी नेताना झालेलं नुकसानही येतं, म्हणजे फेरीबोटीतला प्रवास आणि कोकण रेल्वेची मोटारी वाहून नेणारी रो-रो दोन्ही. खाऱ्या हवेने पत्रा गंजला तर ती झीज, तिथे काही मिळणार नाही. आणि इंजिनाचं वेगळंच. अठरा जून मार्गावर पाणी तुंबलं, गाडी त्यात बंद पडली आणि तुम्ही पुन्हा पुन्हा स्टार्टर मारलात, तर आत पाणी जाऊन इंजिन बसतं, आणि इंजिन प्रोटेक्ट हे इंजिनाचं जादा कवच घेतलेलं नसेल तर कंपनी हात वर करते. बंद पडली की किल्ली काढा, ढकलून बाजूला घ्या आणि टोइंगला फोन करा. किनारपट्टीवर किंवा पणजीत राहणाऱ्यांनी इंजिन प्रोटेक्टचे जादा पैसे जरूर भरावेत. सत्तरीत, डिचोलीत उंचावर राहणाऱ्यांनी आपलं आपण ठरवावं.

क्लेम बुडतात ते बहुतेक आपल्याच वागण्याने. डिसेंबर आला की शेजारी कोणीतरी सुचवतो, "गाडी उभीच असते ना? पर्यटकांना दे, रोजचे दीड-दोन हजार कुठे गेले नाहीत." खासगी गाडीची पॉलिसी भाड्याच्या वापराला लागू नसते. रेंट अ कॅबच्या गाडीला परवाना लागतो, तिची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची गाडी पैसे घेऊन दिली आणि तिने कोणाला उडवलं, तर भरपाईचं ओझं थेट तुमच्या घरावर येऊ शकतं. मुंबईहून आलेल्या मावसभावाला फुकट दिलीत तर विमा चालतो, पण त्याच्याकडे वैध लायसन्स हवं. अठराच्या आतल्या भाच्याला "गल्लीतच फिरव" म्हणून किल्ली देऊ नका. २०१९च्या दुरुस्तीनंतर अशा प्रकरणात पालकाला किंवा मालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तशीच दारू. शंभर मिलिलीटर रक्तात तीस मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल निघालं की पहिल्या गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद. गाडीचा क्लेम तर विसराच. "एकच बिअर झाली, पाच किलोमीटरवर तर घर" हे वाक्य इथे जितकं ऐकू येतं तितकं मी सातारला कधी ऐकलं नव्हतं. टॅक्सी महाग आहे हे मान्य. पण मग न पिणारा एक जण बरोबर न्या.

सेकंडहॅण्ड स्कूटर घेणाऱ्यांनी आणखी एक जपावं. इथून परत जाणारे लोक स्कूटर स्वस्तात विकून जातात आणि विमा त्यांच्याच नावावर राहतो. खरेदीनंतर चौदा दिवसांत विमा आपल्या नावावर करायला अर्ज द्या. थर्ड पार्टी कायद्याने तुमच्याकडे येतोच, पण स्कूटर चोरीला गेली तर जुन्या मालकाच्या नावावरच्या पॉलिसीतून तुम्हाला काही मिळत नाही.

आता चालवण्याबद्दल. मुंबईची गर्दी आणि एक्सप्रेसवेचा वेग पचवलेल्या माणसाला गोवा सोपा वाटतो, तिथेच गडबड होते. इथला धोका आतल्या रस्त्यांवर आहे. एका बाजूला गडगा, दुसऱ्या बाजूला व्हाळ, वळणावर खुरीस (क्रूस) किंवा घुमटी, आणि पलीकडचं काहीच दिसत नाही. पावसाळ्यात गवत वाढलं की उरलंसुरलंही झाकलं जातं. अशा वळणावर हॉर्न वाजवा, वेग उतरवा, आणि पलीकडून भाड्याच्या दुचाकीवरचा पर्यटक रस्त्याच्या मधोमध येतोय असंच धरून चला. पुष्कळदा तो येतोच. पहाटे सायकलवर पोदेर, म्हणजे पाववाला, असतो. खासगी बस पुढे असेल तर अंतर ठेवा, हात दाखवणारा प्रवासी दिसला की ती आहे तिथे थांबते. गुरं पावसाळ्याच्या रात्री कोरड्या डांबरावर येऊन बसतात, आणि काळी म्हैस हेडलाइटमध्ये अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. दिवे नसलेल्या रस्त्यावर चाळीसच्या वर जाऊ नका.

बेळगाव-कोल्हापूरकडे जायला चोर्ला आणि अनमोड असे दोन घाट, काणकोणकडे करमल घाट. उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे महाभाग अजून आहेत. ब्रेक तापून निकामी होतात, खालचा गिअर ठेवा. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, नियमच आहे तो. चोर्ल्यात जुलै-ऑगस्टमध्ये धुकं असं उतरतं की बॉनेटपुढचं दिसत नाही, तेव्हा अप्पर न लावता डिपरवर चालवा. जूनच्या आधी टायर बघा. खाचांच्या तळातली खूण १.६ मिलिमीटरवर असते, रबर तिथवर झिजलं असेल तर साचलेल्या पाण्यावर गाडी तरंगते आणि ब्रेकला जुमानत नाही. दुचाकीवाल्यांनी पणजीचा अटल सेतू सोडून जुन्या पुलाने जावं, सेतूवर दुचाकीला बंदी आहे. फेरीबोटीवर गाडी चढवताना खलाशी हात करील तसंच घ्या, उभी केल्यावर हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवा आणि शक्यतो खाली उतरून उभे राहा.

एवढं करूनही धडक झालीच तर जखमीकडे आधी बघा. १०८ला फोन करा, गंभीर असेल तर बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ. जखमीला पोचवणाऱ्या वाटसरूला पोलीस आपलं नाव सांगायची सक्ती करू शकत नाहीत, कलम १३४-अ ने त्याला संरक्षण दिलं आहे. तेव्हा दुसऱ्याच्या अपघातातही कचरू नका. कोणी जखमी असेल तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. गाड्या हलवण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा, दोन्ही नंबरप्लेट येतील असे. जमलेल्या घोळक्याच्या दबावाखाली "चूक माझी" असं लिहून देऊ नका आणि जागेवर पैशांची मांडवलीही करू नका. कंपनीला त्याच दिवशी कळवा. रेडिएटर गळत असताना गाडी घरापर्यंत रेटलीत तर वाढलेल्या नुकसानीचे पैसे मिळत नाहीत. आणि तुमच्या कंपनीचं कॅशलेस गॅरेज म्हापशात, मडगावात, वेर्ण्यात की कुठे आहे ते पॉलिसी घेतानाच विचारून ठेवा. वाळपईत किंवा काणकोणात राहत असाल तर टोइंगसकट रोडसाइड असिस्टन्स घ्याच.